पिव्हट टेबल रिफ्रेश केल्यावर मांडणी बिघडते. सारांश तक्ता नीटनेटका कसा ठेवावा?

प्रश्न:
मासिक विक्रीचा सारांश मी एक्सेलमध्ये पिव्हट टेबलने, म्हणजे मोठ्या यादीतील आकड्यांची गटवार बेरीज मांडणाऱ्या तक्त्याने काढतो. आकड्यांत स्वल्पविराम घालून आणि कॉलमची रुंदी जुळवून तक्ता वरिष्ठांपुढे ठेवण्याजोगा करतो. परंतु नव्या महिन्याची माहिती घालून रिफ्रेश केले की रुंदी बदलते आणि नव्या कॉलममधील आकडे स्वल्पविरामाविना येतात. ‘सम ऑफ रक्कम’ या शीर्षकाऐवजी नुसते ‘रक्कम’ लिहू गेल्यास ते नाव आधीच वापरात असल्याचा संदेश येतो. दर महिन्याला हीच मेहनत टाळता येईल का?

उत्तर १:
टाळता येईल. पिव्हट टेबल ऑप्शन्समध्ये ‘ऑटोफिट कॉलम विड्थ्स ऑन अपडेट’समोरची खूण काढावी. आकड्यांचे स्वरूप सेल निवडून ठरवू नये. व्हॅल्यू फील्ड सेटिंग्जमधील नंबर फॉरमॅटमधून ठरवावे, म्हणजे ते त्या फील्डलाच (मूळ यादीतील त्या रकान्याच्या सर्व आकड्यांना) लागू होते आणि पुढे कितीही कॉलम वाढले तरी टिकते. शीर्षकासाठी ‘रक्कम’ लिहून शेवटी एक मोकळी जागा सोडावी. एक्सेल ते वेगळे नाव मानते आणि वाचणाऱ्याला फरक दिसत नाही.

उत्तर २:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र वाचणाऱ्याच्या बाजूनेही पाहावे. आकडे उजवीकडे जुळवलेले असावेत आणि त्यांची शीर्षकेही उजवीकडेच असावीत, नाहीतर नजर भरकटते. प्रत्येक सेलला चौकट आखण्यापेक्षा एकूण बेरजेच्या ओळीवर एकच बारीक रेघ पुरते. एकक शीर्षकातच एकदा लिहावे. रक्कम हजारांत दाखवत असाल तर एक गोष्ट आवर्जून सांभाळा: २.४ आणि ३.४ यांची बेरीज ५.८ होते, पण दशांश लपवल्यावर तक्त्यात २, ३ आणि खाली ६ दिसतात. बैठकीत कोणीतरी ही बेरीज करून पाहतेच, आणि मग बरोबर असलेल्या आकड्यांवरही शंका घेतली जाते. म्हणून ‘आकडे पूर्णांकात दाखवल्याने बेरजेत किंचित फरक दिसू शकतो’ अशी टीप तक्त्याखाली द्यावीच.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. रुंदी आणि स्वल्पविराम आता टिकतात. तक्त्यावरचे मोठे शीर्षक मात्र मी सेल मर्ज करून, म्हणजे एकत्र जोडून, मध्यभागी आणले आहे. ते योग्य आहे का?

उत्तर १:
मर्ज केल्याने पुढे एखादाच कॉलम निवडताना किंवा हलवताना अडचण येते. त्याऐवजी फॉरमॅट सेल्समधील अलाइनमेंटमध्ये ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ निवडावे. शीर्षक तसेच मध्यभागी दिसते आणि सेल सुटे राहतात.