वॉर्डात जुलाबाची साथ: सी. डिफ पीसीआर पॉझिटिव्ह, पण कारण तेच का?

आयसीएन_मेडिसिन: ३ दिवसांत १४ जणांना जुलाब, त्यांत ५ स्टाफ. पेशंटचे ५ नमुने पाठवले, ३ सी. डिफ (क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल, अँटिबायोटिकनंतर जुलाब करणारा जंतू) पीसीआर पॉझिटिव्ह. युनिटच्या डॉक्टरांचं म्हणणं व्हँकोमायसिन (सी. डिफवरचं औषध) सुरू करा, प्रशासनाचा संशय किचनवर. नेमकं कसं ठरवायचं?

सूक्ष्मजीव: पीसीआर फक्त टॉक्सिनचं (जंतूच्या विषाचं) जनुक दाखवतो, विष तयार होतंय का ते नाही. अँटिबायोटिकवर असलेल्या, बरेच दिवस ॲडमिट पेशंटच्या आतड्यात हा जंतू काही त्रास न देताही राहतो. त्याच नमुन्यांवर जीडीएच (जंतू आहे का) आणि टॉक्सिन ईआयए (विष प्रत्यक्ष आहे का) या टेस्ट लावा. टॉक्सिन निगेटिव्ह आलं तर नुसतं वास्तव्य असण्याची शक्यता बरीच. आधी ड्रग चार्ट बघा. लॅक्टुलोज (पोट साफ करणारं औषध) चालू असलेल्याचा नमुना हमखास घोळ घालतो. आणि अँटिबायोटिक न घेतलेला स्टाफ एकदम आजारी पडला, हे सी. डिफमध्ये बसत नाही. उलट्या किती जणांना?

आयसीएन_मेडिसिन: ९ जणांना. बहुतेक दोन दिवसांत बरे.

पीएसएम_वाला: मग नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबाचा झपाट्याने पसरणारा विषाणू. त्याची साथ ओळखायचे कॅप्लनचे निकष लावून बघा: निम्म्याहून जास्त जणांना उलट्या, आजार सरासरी १२ ते ६० तास, अधिशयन काळ (लागण ते लक्षणं) सरासरी २४ ते ४८ तास, कल्चरमध्ये जिवाणू नाही. खात्रीसाठी निदान ५ जणांची पातळ शौच, लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ ते ७२ तासांतली, ४ अंशांवर ठेवून आरटी-पीसीआरला पाठवा. रॅपिड कार्ड (झटपट टेस्ट) निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो असं समजू नका.

किचनचं म्हणाल तर लाइन लिस्टमध्ये (आजाऱ्यांच्या यादीत) लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेसोबत वेळही लिहा. स्टॅफिलोकोकस जंतूच्या विषाने खाल्ल्यापासून १ ते ६ तासांत उलट्या होतात, क्लॉस्ट्रिडियम पर्फ्रिंजन्स जंतूने ८ ते १६ तासांत जुलाब; एकाच जेवणातून असेल तर केसेस एकदम चढतात, तीन दिवस रेंगाळत नाहीत. घरचा डबा खाणारे आणि नळीने फीड घेणारे आजारी पडले का? पडले असतील तर किचनवरचा संशय कमी होतो. फक्त आजाऱ्यांना विचारून उपयोग नाही, वरणभात सगळ्यांनीच खाल्लेला असतो. आजारी न पडलेल्यांनाही तेच प्रश्न विचारा. तरी किचनला लगेच क्लीन चिट नको: १९८४ मध्ये इंग्लंडच्या स्टॅनली रॉइड रुग्णालयात साल्मोनेलाने १९ पेशंट दगावले, संशय फ्रिजबाहेर राहिलेल्या बीफवर होता. शिवाय उलट्या होत असताना ड्युटीवर आलेला आचारी जेवणासोबत ताटात नोरोव्हायरसही वाढू शकतो.

हायपो_सिस्टर: रिपोर्टची वाट बघत बसू नका. अल्कोहोलच्या हँडरबवर भिस्त नको, सी. डिफचे स्पोअर (जंतूची टणक बीजं) त्याने मरत नाहीत, साबण-पाणीच. ५ टक्के हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक) २० मिली, पाणी घालून १ लिटर: १००० पीपीएम (दहा लाखांत हजार भाग) क्लोरीन, बेड रेलिंग, नळ, कमोडसाठी. उलटी आधी कागदाने टिपून उचला, नाहीतर घाणच क्लोरीन खाऊन टाकते. मग १०० मिली हायपोचं १ लिटर करून १० मिनिटं ठेवा. कॅनवर १० टक्के लिहिलं असेल तर हायपो निम्मं. स्टाफ लक्षणं थांबल्यावर ४८ तासांनीच ड्युटीवर, मावशी आणि वॉर्डबॉयसुद्धा. रोजंदारीवर असतील तर त्यांची रजा भरपगारी करून घ्या, नाहीतर कोणी उलटी झाल्याचं सांगणार नाही.