कॉर्ग पॉलीसिक्स: बॅटरी फुटलीय, सूर हलतोय, पण मेमरीतले आवाज घालवायचे नाहीत. कुठून सुरू करू?

आचऱ्याचा_कीबोर्ड

नमस्कार मंडळी. माझे काका मुंबईत ऑर्केस्ट्रात वाजवायचे, त्यांचा कॉर्ग पॉलीसिक्स, म्हणजे जुना सिंथ (आवाज स्वतः घडवता येणारा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड), आता माझ्याकडे आचऱ्याच्या घरी आलाय. घर अगदी समुद्राला लागून, आणि हा बरीच वर्षं माळ्यावर गोधडीत गुंडाळून पडलेला. चालू होतो, आवाज येतो, आणि तो आवाज ऐकून घरातली सगळी कामं टाकून ऐकत बसली, म्हणून हा दुरुस्त करायचाच असं ठरवलंय.

प्रॉब्लेम असे की एका वेळी वाजणाऱ्या सहा आवाजांपैकी एक मधूनच गायब होतो, कधी पट्टी सोडली तरी सूर लागूनच राहतो, बटण एक दाबलं की प्रोग्रॅम (मेमरीत साठवलेला आवाज) दुसराच लागतो, पावसाळी हवा असली की फिल्टर (आवाज उजळ किंवा दबका करणारा भाग) आपोआप उघडतो मिटतो आणि या सगळ्याखाली एक बारीक हम, म्हणजे सतत घुमणारा आवाज आहे. उघडून बघितलं तर एका बोर्डावर बॅटरी आहे आणि तिच्याभोवती पांढरं-हिरवट फुललंय. इथे एका टीव्ही रिपेअरवाल्यांना दाखवलं, ते म्हणाले बॅटरी उपटून टाका आणि सगळे कपॅसिटर बदला. पण मेमरीत काकांनी स्वतः बनवलेले आवाज आहेत हो. काका आता नाहीत. बॅटरी काढली की ते सगळं जाणार ना?

सोल्डर_रत्नागिरी

जाणार, म्हणून आधी ते आवाज बाहेर काढा, मग बॅटरी, मग साफसफाई. कपॅसिटर आणि ट्रिमर (ट्यूनिंग जुळवायचे आतले छोटे स्क्रू) एकदम शेवटी, आणि तेही लागलं तरच. हा क्रम मोडू नका प्लीज.

पॉलीसिक्स १९८१ चा आहे, तेव्हा प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायची सोय दिलेली असायची. मागे टेपचं सॉकेट असेल बघा. टेप आऊटमधून मोनो केबलने लॅपटॉपच्या किंवा साउंड कार्डच्या इनपुटला जोडा आणि सेव्ह करा, ३२ च्या ३२ प्रोग्रॅम किर्रर्र अशा आवाजाच्या रूपात रेकॉर्ड होतात. वेव्ह फाईलच ठेवा, एमपी३ करू नका, लेव्हल मध्यम ठेवा, फाटली तर डेटा गेला. दोन-तीन वेळा वेगवेगळं रेकॉर्ड करा आणि तेच रेकॉर्डिंग परत वाजवून व्हेरिफाय करून घ्या. तेवढ्या वेळात मेमरीवर लिहायचा स्विच बंदच असू द्या, बटणं चुकीची लागतायत तर एखादा प्रोग्रॅम पुसला जायला वेळ लागणार नाही. नॉबचे फोटो काढून काही होणार नाही, कारण साठवलेल्या प्रोग्रॅममध्ये नॉब कुठे आहे आणि खरी किंमत काय याचा संबंधच नसतो. त्यापेक्षा एकेक प्रोग्रॅम लावून खालचा, मधला, वरचा सा आणि एखादा कॉर्ड वाजवून रेकॉर्ड करून ठेवा. समजा डेटा खराबच निघाला तरी काकांचा ब्रास कसा होता ते कानाने जुळवता येईल. माझ्या मते हे काम सगळ्यात मोलाचं आहे, मशीन उद्याही दुरुस्त होईल.

आता बॅटरी. ती ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम आहे, केएलएम-३६७ नावाच्या बोर्डावर बसते, आणि पॉलीसिक्सचं हे जगभर माहीत असलेलं दुखणं आहे. तिच्यातून जे गळतं ते अल्कली असतं, पोटॅशियम हायड्रॉक्साईड, ते बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक (वायरचं काम करणाऱ्या पट्ट्या) खातं आणि हिरव्या कोटिंगच्या खालून पुढे सरकतं, त्यामुळे दिसतं त्यापेक्षा नुकसान जास्त असतं. बटण एक आणि प्रोग्रॅम दुसरा, सूर लागून राहणं, आवाज गायब, हे तिन्ही याच बोर्डावरून होऊ शकतं. म्हणून गायब आवाजासाठी फिल्टरच्या चिपला हात लावू नका. त्या एसएसएम २०४४, बनायच्या कधीच बंद झाल्यात, तापवून मेली तर चांगली मिळणं कठीण.

बॅटरी कटरने पाय तोडून काढा, ओढू नका, ट्रॅक आधीच कुजलेला असतो तो सोबत येतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये थोडं पाणी घालून कापसाने किंवा टूथब्रशने फुललेला भाग पुसा, मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पूर्ण वाळू द्या. नंतर सर्किट डायग्राम समोर ठेवून त्या भागातला एकेक ट्रॅक मल्टिमीटरने बीप करून तपासा, तुटला तिथे बारीक वायरची जंपर, म्हणजे दोन टोकं जोडणारा तुकडा. कंटाळवाणं आहे पण निम्मे पॉलीसिक्स इथेच बरे होतात.

नवीन बॅटरी परत बोर्डावर नको. सीआर२०३२ होल्डरमध्ये घालून वायरने बाहेर आणा, पण ती चार्ज होणारी नाही, चार्जिंगचा रस्ता बंद करून मध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) लावलाच पाहिजे, नाहीतर सेल फुटू शकतो.

दांडीवरचो

झिला, रत्नागिरीकरांनी सांगल्यानी ता बराबर आसा. आमच्या दर्याकाठाक खिळे वर्सभरात फुलतत, थंय त्या बोर्डाचा काय होतला. एकच सांगतंय, डब्ल्यूडी-४० मारू नको. गॅरेजवालो मारतलो नि सांगतलो बघ झाला, मगे धूळ चिकटता नि सगळा चिकट होता. कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळो येता तो घी.

भजनी_मंडळ_वेंगुर्ला

पावसाळ्यात फिल्टर हलतो त्याबद्दल लिहितो, कारण आमच्या किनाऱ्यावर या कारणाने चांगली मशीन भंगारात जातात आणि फार वाईट वाटतं. या जुन्या सिंथमध्ये सगळ्या नॉबच्या किमती एकाच कन्व्हर्टरमधून पाळीपाळीने वाटल्या जातात आणि प्रत्येक किंमत एका छोट्या कपॅसिटरवर थोडा वेळ धरून ठेवलेली असते. त्या कपॅसिटरमधून चार्ज किंचित जरी गळला तरी कटऑफ, म्हणजे फिल्टर किती उघडा ते, सरकतो. आता किनाऱ्यावरच्या हवेतलं मीठ बोर्डावर बसलेलं असतं, आणि मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून घेतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे बोर्डावर खाऱ्या पाण्याचा न दिसणारा थर, आणि त्यातून गळती. असं असताना ट्रिमर फिरवून ट्यूनिंग केलं तर पाऊस गेल्यावर सगळंच चुकीचं होणार. आधी धुवा, वाळवा, मग बघा.

हमचं: रेकॉर्ड करून स्पेक्ट्रम बघा, फोनवर फुकट ॲप मिळतात. आपल्याकडे लाईट ५० हर्ट्झची. हम १०० वर असेल तर पॉवर सप्लायचे मोठे फिल्टर कपॅसिटर सुकलेत, तेवढे बदला, खुशाल बदला. ५० वर असेल तर बहुतेक अर्थिंग किंवा केबलची भानगड. आपल्या जांभ्या दगडात अर्थिंग नीट लागत नाही, उन्हाळ्यात तर खड्डा कोरडा ठणठणीत, त्यात पाणी घातलं तरी फरक कळतो.

आणि मागची प्लेट वाचलीत का? मुंबईत त्या काळी जपानहून आलेला असेल तर १०० व्होल्टचा असू शकतो.

आचऱ्याचा_कीबोर्ड

प्लेटवर १०० च आहे! काकांचा जुना ट्रान्सफॉर्मर सोबत आहे त्यावर ११० लिहिलंय, आणि आज मोजलं तर त्यातून १२० च्या आसपास येतंय. टेपचं काम काल केलं, व्हेरिफाय एकदाच झालं पण झालं, फाईल तीन ठिकाणी ठेवल्या. बॅटरी निघाली. खाली चार ट्रॅक काळे पडलेत. मित्र म्हणतो सगळ्या बोर्डांवर लॅकर मारून टाक म्हणजे खारी हवा लागणार नाही. मारू?

सोल्डर_रत्नागिरी

व्हेरिफाय झालं हे वाचून खरंच आनंद झाला.

तो ट्रान्सफॉर्मर वापरू नका. १०० च्या मशीनला १२० दिले की रेग्युलेटर जास्तीचं सगळं उष्णतेत काढतात, आणि कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं. २३० ते १०० चा ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाल्याकडून करून मिळतो, प्लेटवरचे वॉट बघून दुपटीचा सांगा. गावात व्होल्टेज खालीवर होत असेल तर त्याच्या आधी स्टॅबिलायझर. फ्यूज मॅन्युअलमध्ये दिलाय तोच, तार नाही.

लॅकर आत्ता नको. खाली एक कण मीठ किंवा अल्कली राहिली तर ती आतच कोंडली जाते आणि ट्रॅक झाकणाखाली कुजत राहतो, शिवाय पुढे सोल्डर करणाऱ्याचे हाल. दुरुस्त केलेल्या चार ट्रॅकवर तेवढं सोल्डर मास्क (बोर्डावरचं ते हिरवं कोटिंग) लावा, एक अख्खा पावसाळा चालू द्या, मग ठरवू.

भजनी_मंडळ_वेंगुर्ला

ठेवायचं कुठे तेही सांगतो. माळा नको, गोधडी तर नकोच, ती दमट होते आणि दमटच राहते. आम्ही पेट्या ठेवतो तसं दाराचं लाकडी कपाट, खाली छोटा बल्ब, मशीनला न टेकणारा. आत हवा तीन-चार अंश गरम राहिली तरी आर्द्रता बरीच खाली येते. एक स्वस्तातला हायग्रोमीटर आत ठेवा आणि काटा ६० च्या खाली राहतोय ना बघा. सिलिका जेल ठेवलंत तर ते वेळोवेळी तापवून वाळवायला लागतं, नाहीतर उपयोग शून्य. मागच्या फटींना बारीक जाळी लावा, पाल आत शिरून सप्लायवर शॉर्ट होते. आठवड्यातून एकदा तासभर चालू करून वाजवा, सगळे नॉब पूर्ण फिरवा. मे अखेरच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात प्लग तर काढाच, अँपची केबलही काढा, वीज तिथूनही येते.

त्या चार ट्रॅकचा फोटो टाका, डायग्रामवर शोधून कुठून कुठे जंपर टाकायची ते सांगतो.