मदत हवी आहे : सर्किट आणि वजनांच्या व्यायामात नेमक्या किती कॅलरी जळतात?

घामाघूम :
गेले दोन महिने मी आठवड्यातून चार दिवस प्रत्येकी ४५ मिनिटे व्यायाम करतो. त्यांपैकी दोन दिवस सर्किट (मधे थोडेच थांबत एकामागून एक व्यायामांच्या फेऱ्या) असते आणि दोन दिवस वजने. कालच्या सर्किटनंतर मनगटावरच्या घड्याळाने ५१० कॅलरी दाखवल्या, फोनमधल्या अॅपने ३२४ आणि एका ऑनलाइन गणकयंत्राने ४३२. व्यायाम एकच, शरीर एकच, मग आकडे तीन कसे? कृपया कोणता धरायचा तेवढेच सांगावे, कारण लांबलचक लेख वाचून मी आधीच कंटाळलो आहे.

त्रैराशिक :
आपले वजन किती, दोन सेटमध्ये (सलग केलेल्या उचलण्यांच्या दोन गटांमध्ये) विश्रांती किती आणि हा आकडा कशासाठी हवा आहे, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. तरीही वजन बहुधा ७२ किलो असावे. स्वस्थ बसलेले शरीर दर किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी खर्च करते आणि त्या खर्चाला १ मेट म्हणतात. कोणत्या व्यायामाला किती मेट, हे सांगणाऱ्या मेट-सूचीत जोरकस सर्किटसाठी ८ हा आकडा आहे. ८ गुणिले ७२ गुणिले पाऊण तास म्हणजे बरोबर ४३२. त्याच वजनाला जोरकस वजन-व्यायामाचा ६ मेट लावला की ३२४ येतात. म्हणजे गणकयंत्र आणि अॅप या दोघांनी काहीही मोजलेले नाही, दोघांनीही फक्त गुणाकार केला आहे.

पट्टेवाला :
मनगटावरच्या घड्याळाचा नाद सोडून छातीला बांधायचा हृदयगतीचा पट्टा घ्यावा. मी तीन वर्षे वापरत आहे. केटलबेलची (मूठ असलेल्या लोखंडी गोळ्याची) मूठ आवळली की मनगटाचे स्नायू ताठरतात, त्वचेखालच्या रक्तप्रवाहावर प्रकाश टाकून ठोके मोजणारे यंत्र गोंधळते आणि मग त्याने सांगितलेल्या कॅलरींना काही अर्थ उरत नाही.

त्रैराशिक :
ठोके अचूक मिळाले म्हणून कॅलरी अचूक मिळत नाहीत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मनगटावरची सात यंत्रे तपासली होती. त्यांपैकी सहांची हृदयगतीतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती, पण उष्मांकांच्या बाबतीत सर्वांत चांगले यंत्रही सरासरी २७ टक्के चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. तेही चालणे, धावणे आणि सायकल यांवर. वजने त्यात नव्हतीच.

पट्टेवाला :
ती मनगटावरची यंत्रे होती, पट्टा नव्हे.

त्रैराशिक :
मुद्दा पट्ट्यालाही लागू आहे. संथ धावताना हृदयगती आणि ऑक्सिजनचा वापर बऱ्यापैकी हातात हात घालून वाढतात, म्हणून ठोक्यांवरून खर्च काढता येतो. जड वजन उचलताना मात्र आपण श्वास रोखतो, आवळलेल्या स्नायूंमुळे रक्तदाब चढतो आणि ठोके ऑक्सिजनच्या मागणीपेक्षा कितीतरी पुढे धावतात. यंत्र त्याचा अर्थ धावणे असा लावते. घड्याळाच्या ५१०चे मूळ इथेच असावे.

तरफ :
एवढे कशाला, सरळ कार्य मोजावे. ६० किलोचा बार्बेल अर्धा मीटर उचलण्यासाठी २९४ जूल लागतात, शंभर रेपना (उचलण्यांना) २९,४०० जूल, म्हणजे केवळ ७ कॅलरी (आहारातल्या, म्हणजे किलोकॅलरी). स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के धरली तरी खर्च २८ ते ३५ कॅलरींच्या पुढे जात नाही.

त्रैराशिक :
स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन उठाबशा काढताना, बार्बेलबरोबर स्वतःचे धडही वर जाते, वजन सावकाश खाली आणायलाही ऊर्जा लागते आणि नुसते तोलून धरल्यास भौतिकशास्त्राच्या हिशेबी कार्य शून्य असले तरी स्नायू खर्च करतच राहतात. आपला हिशेब बार्बेलचा आहे, माणसाचा नाही.

सरळकणा :
स्क्वॉट करताना गुडघे आत वळू देऊ नयेत. अनेक जण ही चूक करतात.

घामाघूम :
माझे गुडघे व्यवस्थित आहेत. व्यायाम संपल्यावरही दोन दिवस कॅलरी जळत राहतात असे ट्रेनर सांगतात, ते यात धरायचे का? विचारलेली माहिती देतो : आठ मिनिटे वॉर्मअप, मग सहा व्यायाम, प्रत्येकी ४० सेकंद काम आणि २० सेकंद थांबा, अशा चार फेऱ्या, फेऱ्यांमध्ये दोन-दोन मिनिटे विश्रांती आणि शेवटी सात मिनिटे स्ट्रेचिंग.

त्रैराशिक :
व्यायामानंतरचा वाढीव खर्च खरा आहे, पण प्रत्यक्ष व्यायामातल्या खर्चाच्या तुलनेत तो लहान असतो. तो वेगळा धरू नये. आता आपलीच ४५ मिनिटे उघडून पाहू. प्रत्यक्ष सर्किट २४ मिनिटांचेच आहे. त्याला ८ मेट लावले तर २३० कॅलरी होतात. उरलेली २१ मिनिटे अडीच मेटने धरली तर आणखी ६३, एकूण २९३. नुसते बसून राहिला असता तरी त्या वेळात ५४ गेल्याच असत्या, त्या वजा केल्यावर २३९ उरतात. यातही ८ मेट तेव्हाच खरे, जेव्हा चौथ्या फेरीत आपल्याला सलग वाक्य बोलता येत नसेल. मध्यम जोराच्या सर्किटला सूचीत ४.३ आहे. वजनांच्या दिवशी सूचीतला ३.५ पूर्ण वेळ धरावा, विश्रांती वजा करत बसू नये, कारण त्या सरासरीत सेटमधला थांबा गृहीत आहे. त्याचे १८९ होतात आणि ५४ वजा जाता १३५. पण हा आकडा हवा कशाला, हे अजूनही कळले नाही.

घामाघूम :
चौथ्या फेरीत मी मोठ्याने रेप मोजतो, त्यामुळे ८ बहुधा माझे नाहीत. आकडा जेवणाच्या हिशेबासाठी हवा होता. घड्याळ जेवढे दाखवेल तेवढे मी त्या दिवशी जास्त खात होतो, हे लिहायचे राहून गेले. आणि ७२ हे वजन दोन महिन्यांपूर्वी अॅपमध्ये भरले होते, आज काट्यावर ७३ आले.

त्रैराशिक :
एका किलोने २३९ मध्ये तीन-चार कॅलरींचाच फरक पडतो. घड्याळाच्या ५१० आणि या २३९ मध्ये मात्र, ८ मेट धरूनही, २७१चे अंतर आहे आणि ते आपण दर सर्किटला खाल्ले. पुढचे तीन आठवडे व्यायामाच्या दिवशी वाढीव काही न खाता रोज सकाळी वजन लिहावे आणि आठवड्याची सरासरी इथे टाकावी.

पट्टेवाला :
तोवर पट्टाही लावून पाहावा.