'दमँ तू कोमाँस'चा शेवट: पटकथा की रडवायची युक्ती?

मागचा बाक: (शेवट फुटणार आहे. न पाहिलेल्यांनी इथेच थांबा.) युगो जेलँचा हा २०१६चा फ्रेंच चित्रपट सुरू होतो विनोदी म्हणून. दक्षिण फ्रान्समध्ये मजेत जगणाऱ्या साम्युएलच्या (ओमार सी) हातात क्रिस्टिन 'ही तुझी मुलगी' म्हणत तान्ही ग्लोरिया ठेवते आणि निघून जाते. तिला शोधायला तो लंडनला जातो, तिथेच अडकतो, स्टंटमन होतो. आठ वर्षं बापलेकीची धमाल. मग आई परत येते, कोर्ट, तो सख्खा बाप नसल्याचं सांगणारी डीएनए चाचणी, आणि शेवटी मुलगीच दगावते. डॉक्टरकडचे प्रसंग असे अर्धवट दाखवलेत की दुखणं बापाचंच असं आपण धरून चालतो. त्याला सगळं ठाऊक, अंधारात फक्त प्रेक्षक! ही लबाडी झाली.

तिसरी घंटा: अजिबात पटलं नाही. घर बघा, खेळण्यांचं दुकान वाटावं असं. पहिल्यांदा पाहताना हे अति लाड वाटतात, शेवट माहीत असताना तोच माणूस घाईत दिसतो. आई गुप्तहेर आहे असं सांगून तिच्या नावाने खोटे ईमेल लिहिणंही मग नुसता विनोद राहत नाही. आणि हा शेवट मुळात जेलँचा नाहीच. एउखेनियो देर्बेसच्या २०१३च्या मेक्सिकन चित्रपटाचा हा रिमेक. तिथे लॉस एंजेलिस, इथे लंडन.

कलम दहा: लंडन केलंत, तर कायदाही तिथला हवा. चिल्ड्रन अ‍ॅक्ट १९८९च्या पहिल्या कलमानुसार मुलाचं हित सर्वांत वर. कलम १० सांगतं, मूल ज्याच्याजवळ किमान ३ वर्षं राहिलंय, तो रक्ताचा नसला तरी, आधी परवानगी न काढता, मूल कुणाकडे राहावं यासाठी अर्ज करू शकतो. आठ वर्षं सांभाळ केलेल्या माणसाची केस डीएनएच्या एका कागदावर मिटत नाही. मुलीचं म्हणणं, रोजचा सांभाळ, जागा बदलल्याचा परिणाम हे सगळं तपासावं लागतं. निकाल आईच्या बाजूने लागूही शकतो, पण खरा वाद तिथून सुरू होतो आणि चित्रपट नेमका तिथेच गुंडाळतो. कारण उघड आहे, बापलेकीची पळापळ हवी होती.

मागचा बाक: हेच म्हणतोय. जोडीला गिओम सेनेझचा 'नो बाताय' (२०१८) बघा. नायक (नट रोमाँ द्युरिस) गोदामात मुकादम, बायको न सांगता घर सोडते, पदरी दोन मुलं. सेनेझ नटांच्या हाती लिहिलेले संवाद देतच नाही, प्रसंग समजावतो आणि त्यांना बोलतं करतो. म्हणून घरातली भांडणं अडखळत, एकमेकांवर आदळत होतात. कामाच्या पाळ्या आणि मुलांचं वेळापत्रक यांत बाप पिळून निघतो. त्यासाठी मुलांपैकी कुणाला मारावं लागलं नाही.

तिसरी घंटा: तो विनोदी नाहीच, तुलना कशाला? इथल्या विनोदाचा कणा भाषा आहे. आठ वर्षं लंडनमध्ये काढून साम्युएलला इंग्रजी येत नाही, सेटवर ग्लोरिया त्याची दुभाषी. स्टंटच्या सूचना आधी पोरीला कळतात, मग बापाला. आपण हसत असतो, तेव्हाच कोण कुणाला सांभाळतंय ते सांगून झालेलं असतं. ती गेली की त्याचं शहराशी बोलणंच तुटतं. हे पेरलेलं आहे हो, शेवटी चिकटवलेलं नाही.

कलम दहा: दुभाषीचा मुद्दा मान्य. कोर्टाचा भाग तरीही नापास.