‘विक्रीसाठी नाही’ असे छापलेली ईएसआयची औषधे मेडिकलमध्ये विकल्यास शिक्षा कोणाला आणि किती?

सातपूरकर (प्रश्न):
नमस्कार. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या गेल्या आठवड्यात घराजवळच्या मेडिकलमधून आणल्या. घरी आल्यावर स्ट्रिपच्या मागे ‘ईएसआय सप्लाय, नॉट फॉर सेल’ असे छापलेले दिसले, त्यावर काळ्या शाईचा पट्टा ओढलेला होता. मी स्वतः ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा, विमाधारक कामगार आहे. माझ्या पगारातून दरमहा 0.75 टक्के आणि मालकाकडून 3.25 टक्के वर्गणी जाते, आणि हीच गोळी आमच्या दवाखान्यात दोन महिने ‘शिल्लक नाही’ म्हणून मिळालेली नाही. हा गुन्हा आहे का, शिक्षा किती, आणि विकत घेणारा म्हणून मी अडचणीत येईन का? पक्के बिल मागितले, तेव्हा दुकानदाराने वहीच्या कागदावर रक्कम लिहून दिली.

औषधविक्रेता:
हा गुन्हा आहे. औषध नियम, 1945 (पूर्वीचे नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधील 65व्या नियमाचा 18वा उपनियम नेमका याच मालासाठी आहे. कर्मचारी राज्य विमा महामंडळ, केंद्र सरकारची आरोग्य योजना, सैन्यदलांची औषधभांडारे किंवा इतर सरकारी संस्था यांच्यासाठीची आणि तशी खूण असलेली औषधे परवानाधारकाने विकणे तर सोडाच, दुकानात साठवणेही त्याने निषिद्ध ठरवले आहे. त्यामुळे ‘मी विकली नाहीत, फक्त कपाटात होती’ हा बचाव टिकत नाही. ईएसआय योजनेखाली अधिकृतपणे नेमलेल्या औषधविक्रेत्यांना मात्र यातून सूट आहे, म्हणून आपले दुकान त्यांपैकी आहे का, हे आधी पाहावे. तसे असले तरी त्या गोळ्या विमाधारकाला देण्यासाठी असतात, गल्ल्यावर रोख पैसे घेऊन विकण्यासाठी नव्हे.

शिक्षा 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील कलम 27(घ) प्रमाणे होते: किमान एक वर्ष, कमाल दोन वर्षे कारावास आणि किमान 20,000 रुपये दंड. विशेष कारणे नोंदवून न्यायालय एक वर्षाहून कमी शिक्षाही देऊ शकते. परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो तो वेगळाच, आणि आमच्या धंद्यात खरी भीती त्याचीच असते. माल कोणाकडून आणला हे निरीक्षकाला सांगण्याचे बंधन कलम 18-क मध्ये आहे. तोंड न उघडल्यास कलम 28 खाली एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.

वकील_ठाणे:
वरील माहिती बरोबर आहे, पण ती दुकानदारापुरती झाली. स्ट्रिप सरकारी भांडारातून बाहेर आली कशी, हा प्रश्न अधिक गंभीर आहे आणि त्याची शिक्षाही कितीतरी जड आहे. ताब्यात सोपवलेला माल लोकसेवकाने परस्पर विकला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 316(5) खाली दहा वर्षांपर्यंत कारावास किंवा जन्मठेप होऊ शकते. शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 13 खाली चार ते दहा वर्षे. असा माल चोरीचा आहे हे जाणून घेणाऱ्या दुकानदारावर न्याय संहितेचे कलम 317(2) लागते, कमाल तीन वर्षांचे. आपण जाणूनबुजून घेतलेला नाही, त्यामुळे आपल्याला भीती नाही. खूण झाकण्यासाठी ओढलेला तो काळा पट्टा मात्र दुकानदाराला माहिती होती हे दाखवायला उपयोगी पडेल, म्हणून तो पुसू नये.

तक्रार कुठे करायची, याबाबत पुष्कळ लोक फसतात. अशोककुमार शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले की औषध कायद्याच्या चौथ्या प्रकरणातील (औषधांचे उत्पादन आणि विक्री) गुन्ह्यांसाठी पोलिसांना स्वतः गुन्हा नोंदवता येत नाही. ते काम औषध निरीक्षकाचे. खटला चालतो सत्र न्यायालयात. अपहार आणि चोरीचा माल यांसाठी पोलिस ठाण्याची वाट खुली आहे. म्हणून दोन स्वतंत्र अर्ज द्यावेत: एक अन्न व औषध प्रशासनाला, दुसरा पोलिसांना. 2023 च्या जनविश्वास कायद्याने कलम 27(घ) चे गुन्हे तडजोडीने मिटवण्याची सोय केली आहे. मला ती या प्रकारच्या मालासाठी योग्य वाटत नाही, कारण रक्कम भरून मोकळा झालेला दुकानदार पुरवठादाराचे नाव कशाला सांगेल?

निवृत्त_भांडारपाल:
मी तीस वर्षे सरकारी औषधभांडार सांभाळले. कलमे काहीही असोत, सारा पुरावा बॅच क्रमांकात असतो. ती बॅच कोणत्या दवाखान्याला, किती आणि कधी गेली, हे साठा नोंदवहीत असते. तिथून ती रुग्णांच्या नावावर वाटल्याचे दाखवलेले असते. ज्यांच्या नावावर वाटप दाखवले, त्या चार-पाच कामगारांना विचारले तरी खोटे उघडे पडते. आपल्या दवाखान्यात ‘शिल्लक नाही’ सांगितले त्या तारखा लिहून ठेवाव्यात. गोळ्या स्ट्रिपमधून काढू नयेत, आईसाठी दुसऱ्या आणाव्यात.

सातपूरकर:
सर्वांचे आभार. स्ट्रिप पाकिटात घालून ठेवली आहे. आणखी एक शंका: आमच्या वस्तीत एक विमाधारक गृहस्थ आपल्या वाट्याच्या उरलेल्या गोळ्या निम्म्या किमतीत विकतात. त्यांनाही हेच कलम का?

वकील_ठाणे:
नाही, त्यांच्यावरचे कलम अधिक कडक आहे, आणि हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. विनापरवाना औषध विकण्यास औषध कायद्याचे कलम 27(ख)(2) लागते: किमान तीन, कमाल पाच वर्षे, आणि दंड किमान एक लाख रुपये किंवा मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जे अधिक असेल ते. म्हणजे परवाना असलेल्या दुकानदाराला कमाल दोन वर्षे आणि दहा गोळ्या विकणाऱ्या कामगाराला किमान तीन. कायद्याची ही मांडणी मला पटत नाही, पण आज ती तशी आहे. त्या गृहस्थांना आपण वेळीच सांगावे.