मेपल की बर्च? ड्रमकिटबद्दल मदत हवी आहे

मंडळी, रत्नागिरीहून लिहितोय. आमच्या बँडसाठी एकदाच काय ते चांगलं अकूस्टिक किट घ्यायचंय आणि गाडी दोन नावांवर अडकलीये, यामाहा रेकॉर्डिंग कस्टम (पूर्ण बर्च लाकडाचं, अमेरिकन ड्रमर स्टीव्ह गॅड वाजवतो ते) आणि डीडब्ल्यू कलेक्टर्स मेपल (हे मेपल लाकडाचं). बर्चचा अटॅक (काठी पडतानाचा पहिला ठोका) कडक, आवाज लवकर आवरतो, मेपल जास्त उबदार आणि टॉमचा (किटमधल्या लहानमोठ्या ढोलांचा) सूर छान लांबतो, इथपर्यंत माहितीये आणि मनाने मी मेपलकडेच झुकलोय. पण आमची रिहर्सलची खोली जांभ्याची, वर कौलं, खाली कोबा, फ्लोअर टॉमवर (जमिनीवर उभ्या मोठ्या टॉमवर) एक काठी मारली की आवाज भिंतीभिंतीला घुमत राहतो, मग इथे बर्चच बरं पडेल का?

दुसरं ट्यूनिंगचं. मी ड्रमच्या वरती दोन प्लायचं (थरांचं) कोटेड एम्परर हेड (ताणून बसवायचा पडदा), खाली एक प्लायचं क्लिअर अँबेसेडर हेड लावतो आणि खालचं हेड थोडं चढं ठेवतो, त्याने सूर किंचित खाली घसरतो तो मला फार आवडतो. दोन्ही हेड सारख्या सुरात लावली तर सस्टेन (आवाजाचं लांबणं) वाढतो, जो या खोलीत नकोच. कलेक्टर्सच्या प्रत्येक शेलमध्ये (ड्रमच्या लाकडी नळकांड्यात) त्याचा सूर छापलेला असतो म्हणे, तर ट्यूनिंग त्याच्या जवळ ठेवल्याने खरंच फरक कानाला कळतो का?

आणि खाऱ्या हवेत लग, टेन्शन रॉड (हेड ताणायचे धातूचे भाग) गंजू नयेत म्हणून पावसाळ्यात तुम्ही काय करता? किनाऱ्यावर राहून वाजवणाऱ्यांनी जरूर सांगा, रेकॉर्डिंग असेल तर सोन्याहून पिवळं.