डाग पडलेल्या मिरचीचं बी पेरायचं का फेकायचं?

होटगी रोडची गच्ची: आईनं मागच्या वर्षीच्या ज्वाला मिरचीचं बी पेपरच्या पुडीत बांधून देव्हाऱ्यामागं ठेवलं होतं. शेवटी शेवटी त्या झाडाची पानं चुरडली होती, लाल मिरच्यांवर काळे खोलगट डाग पण होते. आज पुडी सोडली तर निम्मं बी पिवळं, निम्मं तांबूस काळपट. मी म्हणतो पेरून बघू, कुंडीच तर आहे. बायको म्हणते फेका. तुमचं काय?

जुळे सोलापूरची मावशी: वहिनींचं ऐका. ते डाग म्हणजे फळकूज, ती बुरशी बियातून पुढं येते. आणि पावसात मातीचा, पानाचा थेंब उडतो ना, त्याच्याबरोबर शेजारच्या कुंडीत. नवीन पाकिटाला असे किती पैसे लागतात ओ?

विजापूर रोडवाला: मावशी, दोन रोगांची खिचडी करू नका. पानं चुरडतात तो चुरडामुरडा, तो मुख्यतः पांढरी माशी पसरवते, आणि फुलकिड्यानं पान वर वळतं, कोळी किडीनं खाली, ते पण चुरडल्यासारखंच दिसतं. त्याच्यासाठी बी फेकायचं कारण नाही. डागाचं मान्य. तांबूस बी फेका, पिवळं 52 अंशाच्या पाण्यात 30 मिनिटं ठेवा, सुकवा, मग ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) चोळून पेरा.

जुळे सोलापूरची मावशी: 52 अंश मोजायला घरोघरी थर्मामीटर आहे का? मे महिन्यात आमच्या टाकीचं पाणी चहासारखं असतं म्हणून काय त्यात बी टाकू? दोन अंश जास्त झाले की बी शिजलंच.

अक्कलकोट रोड: एक विचारू, शेजारी ढोबळी होती का? परागीकरणात दोन्हीची मिसळ होते, मग त्या बियापासून आलेल्या झाडाला भलतीच मिरची लागायची. माझ्याकडं झालंय, ना धड तिखट ना धड भाजीची.

होटगी रोडची गच्ची: ढोबळी नव्हती. आठवड्यानं लिहितोय, ओल्या फडक्यात दोन्हीचे 20-20 दाणे गुंडाळून ठेवले होते. पिवळ्यातले 13 फुटले, तांबूसातले 2, आणि त्या फडक्यावर पांढरी बुरशी, वास पण कुबट.

विजापूर रोडवाला: बघा मावशी, 13!

जुळे सोलापूरची मावशी: मोड आला म्हणजे बी निरोगी झालं का रे बाबा? रोगट बीसुद्धा उगवतं, डाग फळ पिकताना दिसतो. तोवर तुम्ही चार महिने पाणी घातलेलं असतं, ते पण आपल्याकडं, जिथं नळ किती दिवसांनी येतो ते तुम्हाला माहितीय.

होटगी रोडची गच्ची: हे मात्र पटलं. तांबूस बी जाळलं. पिवळं दोनच कुंड्यांत, नवीन मातीत, जिन्याकडच्या कोपऱ्यात टोमॅटोपासून लांब लावतो, पाणी बुडाशीच घालीन. बाकीच्या कुंड्यांसाठी पाकीट आणलंय. आईला अजून सांगितलं नाही.